गाडीची झेप आणि लोखंडाचा दम



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर व्याख्याने होत आली आहेत. अशा ठिकाणी मोटारगाडीच्या एका कळीवर बोलायला एक कामगार कार्यकर्ता उभा राहिला, म्हणजे ‘याचे इथे काय काम?’ असे कोणाच्या मनात येणे रास्तच आहे. मी नववीच्या पुढे शाळेत गेलो नाही. पुढचे शिक्षण झाले ते रात्रपाळीत, यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका वाचून आणि जाणत्या फिटरांच्या शेजारी उभे राहून. पण ज्या लोकांत माझी उमेद गेली ते लोक क्लचच्या तबकड्या घडवतात, गिअरचे दाते घासतात, गाड्या जोडतात आणि मोडलेल्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. आजचा विषय त्यांच्या हातचा आहे. आणि अलीकडे तो आपल्या घरातल्या तरुण मुलांच्याही हातात आला आहे, म्हणून मी तो निवडला.

विषय असा. ज्या गाडीच्या इंजिनाचा संगणकीय कार्यक्रम बदलून जोर वाढविलेला आहे, तिच्यात ‘लाँच कंट्रोल’ ही सोय सुरक्षितपणे कशी वापरावी? मुळात ती वापरावी का, आणि वापरली तर कोठे?

प्रथम ही सोय म्हणजे काय ते पाहू. उभी गाडी कमीत कमी वेळात वेग घेऊ लागते, तिला आपण झेप म्हणू. चांगली झेप घेणे हे कसबाचे काम आहे. इंजिनाचे फेरे कमी पडले तर गाडी गुदमरते. जास्त झाले तर चाके जागच्या जागी घसरतात आणि नुसता धूर निघतो. या दोहोंमधला नेमका बिंदू चालक पायाच्या अंदाजाने शोधत असे. लाँच कंट्रोलमध्ये हे काम संगणक करतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत चालक डाव्या पायाने ब्रेक दाबून धरतो, उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तळाशी नेतो. संगणक फेरे एका ठरावीक आकड्यावर रोखून धरतो. ब्रेक सोडताच क्लच मोजून मिटत जातो आणि गाडी सुटते.

ही कला शर्यतीतून आली. फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये चालकाला मदत करणाऱ्या अशा विद्युत-युक्त्यांवर १९९४ साली बंदी आली. बंदी पाळली जाते की नाही हे तपासणे अवघड ठरले, तेव्हा २००१ साली त्यांना पुन्हा मुभा मिळाली. २००४ पासून लाँच कंट्रोल पुन्हा बंद झाले आणि २००८ साली सर्व गाड्यांना एकच ठरावीक संगणक सक्तीचा करून चाकांची घसरण आवरणारी युक्तीही काढून टाकण्यात आली. गंमत पाहा, जी सोय शर्यतीच्या मैदानातून हद्दपार झाली, ती दुकानातून विकत घेतलेल्या गाडीत येऊन बसली.

कारखान्यातून आलेल्या लाँच कंट्रोलबद्दल माझी विशेष तक्रार नाही. ते बसविणाऱ्यांनी पहारेकरीही नेमलेले असतात. तेल पुरेसे तापले आहे काय, क्लच अती तापला आहे काय, अशी चौकशी संगणक करतो आणि उत्तर मनासारखे आले नाही तर झेप नाकारतो. प्रश्न उभा राहतो तो पुढे. गाडीचा मालक ती एखाद्या ट्यूनरकडे नेतो. तो संगणकातील कोष्टके बदलतो: टर्बोचा दाब वाढवितो, ठिणगीची वेळ हलवितो, इंधनाचे माप बदलतो, आणि ‘याहून जास्त टॉर्क द्यायचा नाही’ अशी जी ओळ असते ती वर सरकवितो. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. पाना फिरवताना हाताला जाणवतो तोच. एका दुपारच्या कामात गाडीचा जोर चांगलाच वाढतो. एक नटबोल्टही बदललेला नसतो.

यातच सगळी गोम आहे. बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तुम्ही खिलारी जोडी आणलीत, उत्तम केलेत. पण आख जुनाच ठेवलात, जू जुनेच ठेवलेत, तर नव्या जोडीचा जोर तुम्हांला आधी वेग देईल आणि मग आख मोडून देईल.

आता आकड्यांचे उदाहरण घेऊ. फोक्सवॅगन समूहाची सात गतींची, कोरड्या जोड-क्लचची, डीक्यू २०० या नावाची गिअरबॉक्स आपल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ गाड्यांत आहे. तिची मर्यादा २५० न्यूटन-मीटर सांगितली आहे. त्याच समूहाचे दीड लिटरचे टर्बो इंजिन कारखान्यातून निघताना २५० न्यूटन-मीटरच देते. दोन्ही आकडे एकच आहेत. कोणी संगणकात फेरफार करून इंजिनाकडून ३२० घेऊ लागला, तर वरचे ७० कोणी सोसायचे? इंजिन कदाचित सोसेल. गिअरबॉक्सला मात्र कोणी विचारलेले नाही.

आमच्या कारखान्यांत याला तोड असलेली एक जुनी पद्धत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसाव्या कलमाने असे बंधन घातले की, जेथे घासकाम चालते तेथे प्रत्येक यंत्राजवळ कायमची पाटी असावी. त्या सहाणचाकाच्या कडेचा सुरक्षित वेग जास्तीत जास्त किती, दांड्याचा वेग किती, कप्पीचा व्यास किती, हे तिच्यावर लिहिलेले असावे. याचे कारण साधे आहे. मोटर वाटेल तितकी जोरदार बसविता येते, पण वेग मर्यादेपलीकडे गेला की दगड फुटतो, आणि फुटलेल्या दगडाचे तुकडे मोटर बसविणाऱ्याला लागत नाहीत. समोर उभ्या असलेल्या कामगाराला लागतात. म्हणून पाटीवरचा आकडा मोटरच्या ताकदीवरून ठरत नाही, तो दगडाच्या दमावरून ठरतो. मोटारगाडीच्या संगणकातील टॉर्कची ओळ ही अशीच पाटी आहे. ती पुसणाऱ्याने ती कोणाच्या दमावरून लिहिली होती, एवढे तरी आधी वाचले पाहिजे.

झेप घेताना क्लचवर काय गुजरते ते आपण येथेच हिशेबाने पाहू. मी शाळेत शिकलो नाही ते हेच गणित, पण ते अवघड नाही. समजा, गाडीचे वजन १३०० किलो आहे आणि इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर रोखून झेप घेतली. पहिल्या गिअरात गाडी ताशी सुमारे २५ किलोमीटरला पोहोचेपर्यंत क्लच घसरत राहतो, कारण तोवर इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग जुळलेला नसतो. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. त्या वेगाला गाडीत साठलेली गतिशक्ती होते सुमारे ३२ हजार ज्यूल. आणि नियम असा की, इंजिनाचे फेरे एका जागी धरून ठेवले असता जेवढी शक्ती गाडीला मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेने एक किलो लोखंड सत्तर अंशांनी तापेल. ही झाली एक झेप. लागोपाठ पाच झेपा घेतल्या आणि मध्ये थंड होऊ दिले नाही, तर काय होईल याचा गुणाकार तुम्हीच करा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ट्यूनरने झेपेचे फेरे ३००० वरून ४५०० केले. फेरे दीडपट झाले. पण उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. ती दीडपट न होता सव्वादोनपट होते. मालकाला पडद्यावर दीडपट दिसते, क्लचच्या तबकडीला सव्वादोनपट भोगावे लागते.

आणि हे सारे मिळविण्यासाठी काय? तेही मोजू. अशा गाडीत पहिल्या गिअरात इंजिनाचा पीळ चाकापाशी पोहोचेपर्यंत सुमारे सोळा पटींनी वाढतो. २५० चे ४००० होतात. घर्षणात थोडे गेले असे धरले, तरी टायरच्या कडेशी ११ हजार न्यूटनांहून अधिक ओढ येते. पुढची चाके ओढणारी गाडी असेल, तर झेपेच्या वेळी वजन मागे सरकते आणि पुढच्या दोन टायरांना कोरड्या डांबरावर सहा हजारांच्या आसपासच पकड मिळते. म्हणजे कारखान्यातून आलेला जोरच पहिल्या गिअरात टायरांना जवळजवळ दुप्पट होतो! त्यात ट्यूनरने घातलेली भर झेपेच्या कामी येतच नाही. ती धुरात आणि धक्क्यात जाते. वाढीव जोराचा उपयोग गाडी धावू लागल्यावर, वरच्या गिअरांत. म्हणून जाणता ट्यूनर पहिल्या-दुसऱ्या गिअरातली टॉर्कची मर्यादा होती तशीच ठेवतो. ज्याने ती मोकळी सोडली त्याला आपले काम पुरते कळलेले नाही, असे मी म्हणेन.

धक्क्याविषयी दोन शब्द. मनुष्याने पायाने क्लच एकदम सोडला, तर दांड्यांवर येणारा भार इंजिनाच्या टॉर्कएवढाच असतो अशी समजूत आहे. ती खरी नाही. जोरात फिरणारे जड फ्लायव्हील एकदम मंदावते आणि आपल्यात साठवलेला जोरही त्या क्षणी पुढे ढकलते. त्यातच टायर घसरून, पकडून, पुन्हा घसरून थडथडू लागले, की प्रत्येक पकडीला दांड्यावर हातोडा बसतो. चाकाचे दांडे आणि गिअरचे दाते मोडतात ते बहुधा अशा वेळी. म्हणून गाडी थडथडू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा. तेथे हिंमत दाखवू नये.

बाजारात आणखी एक प्रकार मिळतो, त्याला ‘टू-स्टेप’ म्हणतात. गाडी उभी असताना ठिणगी तोडून किंवा उशिरा पाडून फेरे रोखून धरायचे, म्हणजे न जळलेले किंवा उशिरा जळणारे इंधन नळीत जाऊन पेटते, टर्बो आधीच फिरू लागतो आणि धुराड्यातून फटाके वाजतात. चौकात उभे राहून असे फटाके वाजविणारी मुले आपण पाहिली असतील. त्यांना आवाज ऐकू येतो. आत टर्बोची पाती आणि धूर शुद्ध करणारी जाळी किती तापली, ते ऐकू येत नाही. ती जाळी वितळली की गाडीचा श्वास कोंडतो, आणि विषारी धूर आपल्या सर्वांच्या नाकात येतो.

मोठ्या कारखानदारांनाही ही शिकवण फुकट मिळाली नाही. निसान कंपनीची जीटी-आर ही गाडी २००७ साली जपानात विक्रीस आली. तिच्यात झेपेची सोय वापरण्यासाठी स्थैर्य राखणारी यंत्रणा बंद करावी लागे, आणि ती बंद असताना झालेले नुकसान हमीत बसणार नाही अशी सूचना होती. काही मालकांच्या गिअरबॉक्स मोडल्या, वाद झाले. पुढे कंपनीने कार्यक्रम बदलला आणि झेपेचे फेरे खाली आणले. ज्यांनी ती गिअरबॉक्स घडविली त्यांनाच आकडा कमी करावा लागला. मग गल्लीतल्या ट्यूनरने तो वाढविताना किती विचार करावा?

आता प्रत्यक्ष वापराचे नियम सांगतो. पहिला नियम जागेचा. झेप घ्यायची ती बंद मैदानावर किंवा धावपट्टीवर, जेथे परवानगी आहे, रुग्णवाहिका आहे, प्रेक्षक कठड्यामागे आहेत. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. चेन्नईजवळ आणि कोइमतूरला शर्यतीची मैदाने आहेत. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीवाचून वेगाची चढाओढ करणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण शिक्षेचे भय हे खरे कारण नव्हे. रस्त्यावर शाळेतून येणारे पोर असते, भाजीची गाडी ढकलणारी बाई असते. त्यांनी या प्रयोगाला संमती दिलेली नसते.

दुसरा नियम उष्णतेचा. इंजिनाचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल दोन्ही तापल्याखेरीज झेप नाही. नुसते पाणी तापल्याचा काटा पाहून फसू नये. तेल मागाहून तापते. फेरे रोखून धरायचे ते दोन-तीन सेकंद, अधिक नाही. एका झेपेनंतर काही मिनिटे गाडी हलक्या पायाने चालवावी, म्हणजे वारा लागून क्लच आणि टर्बो निवतील. धावून आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. जळका वास आला की त्या दिवसाचे काम संपले.

तिसरा नियम मार्गाचा. स्टिअरिंग सरळ, रस्ता कोरडा, चारही टायर एका जातीचे, त्यांतील हवा मोजलेली. ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर झेप नाही. आणि फेरे रोखलेल्या गाडीच्या पुढे वा मागे माणूस उभा नको. छायाचित्र काढणारा मित्र तर मुळीच नको. त्या क्षणी तीनशे न्यूटन-मीटर आणि मित्राचा गुडघा यांच्यामध्ये एका पायाखालच्या ब्रेकखेरीज काही नसते.

चौथा नियम पहारेकऱ्यांचा. संगणक बदलताना तापमानाचे आणि घसरणीचे पहारे उठवू नयेत. ‘झेप मिळत नाही, म्हणून तो अडथळा काढून टाका’ असे मालक सांगतो आणि ट्यूनर काढून देतो. पूर्वी आगबोटींच्या शर्यतींत बॉयलरची सुरक्षा-झडप बांधून ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. झडप शिट्टी वाजवते ती तुमचा अपमान करण्यासाठी नव्हे.

पाचवा नियम माझ्या मते सर्वांत मोठा, आणि तो यंत्राचा नसून माणसांतला आहे. केलेला बदल लपवू नये.

आमच्या संघटनेतील एका मेकॅनिकची हकीकत सांगतो. गाव, वर्कशॉप, माणसे, कोणाचीच नावे घेत नाही. एक गाडी गिअर बदलताना कापते म्हणून दुरुस्तीला आली. गाडीत काही फेरफार आहे का, असे विचारता मालकाने ‘नाही’ सांगितले आणि तसे कार्डावर लिहिले गेले. हा मनुष्य गाडी तपासणीसाठी बाहेर घेऊन गेला, नेहमीप्रमाणे एकदा जोरात वेग देऊन पाहिला, आणि क्लच जळाला. खर्च लाखाच्या घरातला. मालक म्हणाला, माझी गाडी तुमच्या माणसाने बिघडविली. वर्कशॉपने रक्कम हप्त्यांनी पगारातून कापायचे ठरविले. आम्ही एकच मागणी केली: कापा, पण आधी गाडीच्या संगणकातील नोंद वाचा. तीन आठवडे पत्रव्यवहार झाला. अखेर नोंद वाचली, तेव्हा कारखान्याचा मूळ कार्यक्रम तेथे नव्हताच. कपात रद्द झाली. पण त्या तीन आठवड्यांत वीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला त्याच्याच बाकाशेजारचे लोक ‘गाडी जाळणारा’ म्हणून पाहत होते. त्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

बंधूंनो, जोर वाढविण्याचा आनंद एकाचा आणि भार दुसऱ्यावर, हा अन्याय आम्ही कारखान्यात जन्मभर पाहिला. वरून हुकूम येतो, पट्टा जलद फिरवा. आकडा कागदावर वाढतो आणि बोट यंत्रात जाते ते खालच्या माणसाचे. मोटारीच्या शौकात तेच घडावे याचे मला दुःख होते, कारण हा शौक करणारी मुले वाईट नाहीत. त्यांतली कितीतरी आमच्याच कामगारांची आहेत. त्यांना यंत्राची आवड आहे, आणि यंत्राची आवड ही मी फार मोठी गोष्ट समजतो. तिला फक्त जबाबदारीची जोड हवी.

कायद्याचेही सांगून ठेवतो. कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. विमा कंपनीला न कळविता केलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर भरपाईचा दावा अडचणीत येतो. आणि आता गोष्टी उघडकीस येतात. मूळ कार्यक्रम परत भरून ठेवला म्हणजे झाकले, असे समजू नये. फेरभरणीची नोंद संगणकात राहू शकते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. सहाणचाकाजवळ असते तशी पाटी या गाड्यांनाही असावी. जो ट्यूनर गाडीचा संगणक बदलतो, त्याने एका कागदावर सही करून लिहून द्यावे: तारीख, पूर्वीचा टॉर्क, आताचा टॉर्क, गिअरबॉक्सची मर्यादा, झेपेचे फेरे, लागणारे इंधन, आणि कोणता पहारा उठविला असेल तर तो. हा कागद गाडीत राहावा. दुरुस्तीला देताना मेकॅनिकच्या हाती द्यावा. गाडी विकताना घेणाऱ्याच्या हाती द्यावा, कारण उद्या त्या गाडीत त्याची मुलेबाळे बसणार. जो ट्यूनर असा कागद देण्यास कचरतो, त्याच्याकडे गाडी नेऊ नये. आणि ज्या मालकाला असा कागद दाखविण्याची लाज वाटते, त्याने तो बदल करूच नये.

येथे जमलेल्या मेकॅनिक बांधवांना शेवटचे सांगतो. उद्यापासून कार्डावर ‘इंजिनाच्या संगणकात बदल आहे किंवा नाही’ ही ओळ छापून घ्या, आणि तिच्यापुढे मालकाची सही घेतल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. कारखान्यांतही पाट्या अशाच लागल्या: कोणीतरी पाटीशिवाय यंत्र चालवायला नकार दिला, म्हणून.